कुंकू लावलेली कविता

तुमच्या घरातलं सगळ्यात पवित्र पुस्तक तुम्ही शेवटचं कधी वाचलंत? हार घालायला खाली काढलं असेल, ते सोडा. धूळ झटकली, डोक्याला लावलं आणि परत वर ठेवलं, तेही सोडा. मांडी घालून बसलात, एका ओळीवर अडलात आणि "हे मला पटत नाही" असं मोठ्याने म्हणालात, असं कधी झालंय का?

मी हे रागाने विचारते आहे, हे आधीच सांगून टाकते. गेल्या दसऱ्याला माझ्या आईच्या कवितेला लोकांनी हळद-कुंकू वाहिलं. ज्यांनी वाहिलं त्यांतल्या एकानेही ती वाचली नव्हती.

आमच्या घरात 'प्रेस' या शब्दाचे दोन अर्थ होते. वडिलांची प्रेस म्हणजे भोसरीतला छापखाना. तिथे ते कागद कापायचे, घड्या घालायचे, पिना मारायचे. आईची प्रेस म्हणजे पत्र्यावर आदळून त्याला आकार देणारं यंत्र. वडील संध्याकाळी येताना वाया गेलेली पत्रकं घेऊन यायचे आणि आई यायची ती बोटांना चिंध्या गुंडाळून. मी वाचायला शिकले ती त्याच पत्रकांवर. गुलाबी, पिवळा, निळा स्वस्त कागद, बोटांना शाई लागायची. 'जाहीर निषेध' हे मला 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी वाचता येत होतं. प्रत्येक पत्रक 'बंधूंनो, जागे व्हा' म्हणून सुरू व्हायचं. आमच्या भागात झोपलेले बंधू फार असावेत. भगिनींना कुणी उठवत नसे, कारण त्या पहिल्या पाळीसाठी आधीच उठलेल्या असत.

आईच्या कंपनीत खंडेनवमी जोरात होते, चाकणच्या पट्ट्यात ती सगळीकडेच जोरात होते. यंत्रं धुऊन-पुसून घेतात, झेंडूच्या माळा घालतात, कुंकवाची बोटं ओढतात, पुढे नारळ फोडतात. पेढे मिळतात, दुपारनंतर काम बंद. आईलाही तो दिवस आवडतो. पण आम्ही बौद्ध, ती पूजा करत नाही. नवीन लागली तेव्हा सुपरवायझरने पूजेचं ताट तिच्या हातात दिलं आणि लगेच काहीतरी आठवून काढून घेतलं.

"तुमच्यात नसतं ना हे?"

"आमच्यात पुसतात," आई म्हणाली आणि चिंधी घेऊन मशीन पुसायला लागली.

आजूबाजूच्या बायका हसल्या. तिलाही हसू आलं. पण ते वाक्य तिच्या डोक्यातून गेलं नाही. पुढे कधीतरी तिने त्याची कविता केली. लहानशीच आहे, सगळीच देते:

तुला हळद नाही, कुंकू नाही,
तुझ्यापुढे नारळ नाही.
चिंधीने पुसते तुझं तोंड,
तेल देते सांध्यांना.
मी वाकते ती पत्रा सरकवायला,
लांबून दिसतं वेगळं.
माझी बोटं दहा आहेत,
संध्याकाळीही दहा राहू दे.

नाव दिलं 'मशीनची वंदना'. आमच्या घरी सकाळी वंदना होते, त्यातून तो शब्द आला. वडिलांनी तिच्या अशा थोड्या कवितांची त्याच नावाची पुस्तिका छापून आणली. मुखपृष्ठाला निळा कागद, कारण जयंतीच्या पत्रकांचा तोच उरला होता. त्या निळ्या कागदाने आणि त्या एका शब्दाने पुढचं सगळं घडवलं.

आम्ही आता चिखलीत राहतो. बिल्डरने 'क्लब हाउस' म्हणून दिलेल्या खोलीत आमच्या सोसायटीने वाचनालय सुरू केलं. प्रत्येक घराने पुस्तकं द्यायची असं ठरलं. आईने अगदी नवी साडी नेसून आपली पुस्तिका नेऊन दिली. बँकेतून निवृत्त झालेले एक काका वाचनालय बघतात. मनमिळाऊ माणूस, लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवतो. तिथे दोन कपाटं आहेत. एक लाकडी, उघडं, त्यावर चिठ्ठी 'साहित्य'. दुसरं लोखंडी, काचेचं, कुलूपबंद, त्यावर चिठ्ठी 'धार्मिक'. धार्मिक पुस्तकं पवित्र असतात, कुणीही कसल्याही हाताने घेऊ नयेत, म्हणून कुलूप. किल्ली काकांकडे.

आठवड्याने मी वाचनालयात गेले, तर आईची पुस्तिका काचेच्या आत.

"काका, ह्या कविता आहेत. प्रेस मशीनवर काम करणाऱ्या बाईच्या."

"हो का? छान छान. पण वंदना म्हणजे तुमचं ते धार्मिकच ना, बेटा?"

"आणि ते काय?" मी लाकडी कपाटाकडे बोट दाखवलं. तिथे अभंगांच्या गाथा होत्या, एक पोथी होती अर्थासकट, देवळांवरचं एक जाडजूड पुस्तक होतं.

"ते संतसाहित्य," काका हसले. "शब्दातच आहे बघ. साहित्य!"

किती सोपं आहे! तुमच्या शब्दाला 'साहित्य' चिकटलेलं असलं की तुम्ही उघड्या कपाटात. आमचा शब्द आमचा आहे एवढ्याच कारणाने तो काचेच्या आत. कृपा करून असं समजू नका, की मला अभंग त्या कपाटातून काढायचे होते. ते तिथेच हवेत. ज्यांच्या ओळी एका काळी धर्माच्या नावाने पाण्यात बुडवायला लावल्या, त्यांच्या ओळी साहित्यच आहेत, आणि हे म्हणायला मी कुणाशीही भांडेन. पण मग ज्या बाईने देवापुढे नव्हे तर पत्र्यापुढे वाकते असं लिहिलं, तिच्या ओळी धर्म कशा झाल्या? तुम्ही कविता वाचलीत, की आमचं आडनाव?

हे शेवटचं वाक्य मी काकांना तोंडावर म्हणाले. त्यांचा चेहरा पडला. "तू विषय कुठल्या कुठे नेतेस," ते म्हणाले. "मी आदरानेच ठेवलंय ना? कुलपात ठेवलंय म्हणजे आदरच आहे."

मी घरी येऊन आदळआपट केली. आई भाकऱ्या करत होती. ती म्हणाली, "आदर म्हणतात तर असू दे. कधीतरी उघडतील."

उघडलं, दसऱ्याला. वाचनालयात सरस्वतीपूजन होतं. दोन्ही कपाटांमधली पुस्तकं टेबलावर मांडली होती, रांगोळी, उदबत्ती, आपट्याची पानं. सोसायटीतल्या बायकांनी एकेका पुस्तकाला हळद-कुंकू वाहिलं. मी पोचले तेव्हा आईच्या निळ्या पुस्तिकेवर ठळक कुंकू होतं, 'वंदना' या शब्दाच्या बरोबर वर, आणि त्यावर एक झेंडूचं फूल.

तुम्हाला हसू येत असेल तर हसा. कवितेची पहिली ओळच आहे, 'तुला हळद नाही, कुंकू नाही'. मुखपृष्ठ उलटलं असतं तर पहिल्या पानावर तेच दिसलं असतं. एवढे हात फिरले त्या टेबलावरून, एकालाही ते पान उलटावंसं वाटलं नाही. मला कुणाच्या श्रद्धेशी वैर नाही. त्या बायकांनी जे केलं ते प्रेमानेच केलं, त्यांतली एक तर आमच्या दारात दर दिवाळीला फराळाचं ताट घेऊन येते. पण ते प्रेम कागदाच्या वरच थांबलं. पुस्तक वंदनीय ठरवलं की ते वाचण्याची जबाबदारी संपते, ही युक्ती कुणी शोधून काढली? मला ती सगळ्या युक्त्यांमध्ये सगळ्यात लबाड वाटते. पुस्तक जाळणाऱ्याला निदान त्याची भीती तरी वाटत असते.

आईने मात्र त्या दिवशी एक वेगळीच गोष्ट केली. कोजागरीला सोसायटीत काव्यवाचन असतं, मसाला दूध असतं. त्यात मला माझी कविता वाचायची आहे, असं तिने काकांना सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा ती कुणाला असं म्हणत होती. तिला कुणी ऐकावं, एवढंच तिला हवं होतं. पारितोषिक नको, शाल नको.

काका दोन दिवसांनी घरी आले. चहा घेतला. "ताई, कमिटीत बोललो. तुम्ही वाचा, कुणाची हरकत नाही. फक्त एक. कार्यक्रमात धार्मिक नको असं ठरलंय, तर ते 'वंदना' बदला. 'मशीनची प्रार्थना' करा. प्रार्थना कशी, सगळ्यांची असते."

मी तोंड उघडलं, पण आईने हाताने थांबवलं.

"काका, प्रार्थनेत मागतात," ती म्हणाली. "वंदनेत मागत नाहीत. मी मशीनकडे काही मागत नाही. तिच्याकडे देण्यासारखं आहे काय?"

"अहो, एका शब्दाने काय फरक पडतो?"

"मग तुम्हीच राहू द्या की माझा."

काका हसले, कप खाली ठेवला आणि "बघा, विचार करा," म्हणून गेले. आईने विचार केला नाही. शब्द बदलायचा नव्हता, म्हणजे कोजागरी गेली.

आता इथवर वाचून आमच्या लोकांपैकी कुणी मान डोलवत असेल, तर थांबा. पुढचं तुमच्यासाठी आहे.

पावसाळ्यातले वर्षावासाचे महिने आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालतं. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात. कोजागरीच्याच पौर्णिमेला त्याची सांगता असते. मी आईला म्हटलं, तिथे वाच, आपलं घर आहे. आम्ही अध्यक्षांना भेटायला गेलो. वडील कमिटीत आहेत, तेही बसले होते. समोर चौरंगावर पांढऱ्या कापडात गुंडाळलेला ग्रंथ, पुढे मेणबत्ती आणि फुलं.

"ताई, कविता चांगलीच असणार," अध्यक्ष म्हणाले. ते आईच्याच वयाचे, मोठ्या कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले. "पण हे ग्रंथवाचन आहे. काव्यवाचन नाही."

"शेवटच्या दिवशी, भाऊ. थोडा वेळच लागेल."

"आणि नाव बघा. वंदना कुणाची करायची, मशीनची? उद्या लोक म्हणतील, हे पण खंडेनवमी करायला लागले."

"भाऊ, खंडेनवमी करत नाही असंच तर लिहिलंय आत. तुम्ही वाचली का?"

"नावावरूनच कळतंय की."

मी वडिलांकडे बघितलं. ज्या माणसाने तीस वर्षं 'पोथ्या पुजू नका, वाचा' अशी पत्रकं घड्या घालून वाटली, तो माणूस सतरंजीचा दोरा ओढत बसला होता.

सोसायटीत कविता फार धार्मिक ठरली आणि विहारात पुरेशी धार्मिक ठरली नाही. दोन्हीकडे न वाचताच. मला सांगा, ह्यात आणि त्यात काय फरक आहे? कापडाचा रंग? ज्यांनी आपल्याला सांगितलं की मी म्हणतो म्हणून मानू नका, तपासून घ्या, त्यांच्या मूर्तीसमोर बसून आपण एका कामगार बाईचं एक पान उलटायला तयार नाही. शेजारच्याच्या कुंकवावर बोट दाखवणं सोपं आहे. आपल्या पांढऱ्या कापडाची गाठ मात्र आपण सोडत नाही.

घरी येताना आई वडिलांना म्हणाली, "तुमच्या तोंडात काय सुपारी होती का?"

"कमिटीत एकमत लागतं गं," वडील पुटपुटले. मग जरा वेळाने उत्साहाने म्हणाले, "आपण एक पत्रक काढू. जाहीर निषेध."

"माझ्या कवितेचं पत्रक? कविता लिहून झाली आहे माझी. ती ऐकायला माणूस नाही, तर पत्रक कोण वाचणार?"

वडील पुढे चालू लागले. माझ्याही डोक्यात पत्रकाची पहिली ओळ तयार होती, ती मी तिथेच सोडली.

पौर्णिमा गेली. सोसायटीत दूध आटलं, विहारात सांगता झाली, आई दोन्हीकडे श्रोत्यांत बसून आली. तिने कुठेच तोंड वाकडं केलं नाही, ते मलाच जास्त लागलं.

मी चाकणला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात काम करते, आईची कंपनी त्याच रस्त्यावर. पहिली पाळी असली की दोघी मोशीहून एकाच बसने जातो. भोसरी गावठाणातल्या एक मावशी आमच्यासाठी जागा धरून ठेवतात. त्या आईच्याच कंपनीत, शेजारच्या प्रेसवर. खंडेनवमीला सगळ्यात मोठा हार त्यांच्या मशीनला असतो, पदरचे पैसे घालून आणतात. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, "काय गं, काल वाचनार हुतीस ना? झालं का?"

"नाही झालं."

"मंग हितं वाच. मोशी ते चाकण काय कमी ट्राफिक हाय?"

मागच्या सीटवरची परभणीची मुलगी म्हणाली, "वाचा काकू, माझे इअरफोन बी बंद पडलेत."

आईने पिशवीतून पुस्तिका काढली. आधी हळू वाचलं. कंडक्टर मध्येच "पुढे सरका, पुढे सरका" म्हणत गेला, तर मावशींनी त्याला "गप रं जरा" म्हणून झापलं आणि आईला पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं. बस एका ट्रेलरच्या मागे उभी होती. आईने शेवटची ओळ वाचली.

"'पुसते तुझं तोंड' झ्याक हाय," मावशी म्हणाल्या. "पन शेवटाला मागितलंसच की गं."

"काय मागितलं?"

"बोटं दहा राहू दे म्हनलीस. मागनंच हाय ते. आमी नारळ फोडतो तवा बी दुसरं काय मागतो? हेच. मंग तुझ्यात न् माझ्यात फरक काय ऱ्हायला?"

परभणीची मुलगी जोरात हसली. "काकू, सापडल्या!"

आईचा चेहरा मी कधी असा बघितला नव्हता. तिने पुस्तिका पुन्हा डोळ्यांसमोर धरली, ओठ हलवत ती ओळ परत परत वाचली. जो मुद्दा तिने काकांना ठासून सांगितला होता, मागायचं नाही, तो तिच्याच कवितेत मोडला होता. आणि तो दाखवला कुणी, तर यंत्राला हार घालणाऱ्या बाईने. कारण तिने ऐकलं होतं. पहिल्यांदाच कुणीतरी ऐकलं होतं.

"व्हय, मावशी," आई शेवटी म्हणाली. मावशींशी बोलताना ती त्यांच्यासारखीच बोलते. "चुकलंच."

"चुकलं न्हाई. मागायला काय लाज हाय? मी तर म्हनते मागावं. पन मंग कुंकवाला नावं ठिवू नगं."

"मी कुठं नावं ठिवते? मी फक्त लावत न्हाई."

"तेच, तेच! लावत न्हाईस आन् मागतीस. फुकट!"

मग दोघी चाकणपर्यंत भांडल्या. खरंच भांडल्या. मावशींचं म्हणणं, हार घातला की हात सावध राहतो, यंत्राला दैवत मानणारा त्यात बोट घालत नाही. आईचं म्हणणं, दैवत मानणाराच गाफील राहतो, त्याला वाटतं ते आपलं काही करणार नाही. दोन स्टॉप आधी उतरणाऱ्या बायका उतरताना आपापलं मत देऊन गेल्या. कुणी कुणाचा धर्म काढला नाही, आणि बोलणं सगळं धर्माचंच होतं. मी खिडकीला टेकून ऐकत होते. कविता आणि धर्म यांनी एकमेकांशी कसं वागावं, यावर मी कॉलेजात एवढाली भाषणं ऐकली आहेत, पण असं काही त्यात नव्हतं.

उतरायच्या आधी आईने माझं पेन मागितलं. मांडीवर पुस्तिका ठेवून शेवटची ओळ खोडली आणि लिहिलं, 'संध्याकाळी मोजीन.'

माझी बोटं दहा आहेत,
संध्याकाळी मोजीन.

मावशींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "आता बरं. आता ती माझ्याशी भांडाया उभी हाय." आणि गेटकडे जाताना वळून म्हणाल्या, "पन मी हार घालनारच हां!"

त्या आठवड्यात आम्ही काकांकडे किल्ली मागायला गेलो. कपाटातल्या प्रतीतली ओळही दुरुस्त करायची होती. काकांनी आधी कुलूप काढलं. मग आईच्या हातात पेन बघितलं आणि पुन्हा लावलं. "ताई, पूजेत ठेवलेल्या पुस्तकावर पेन चालवायचं नसतं. बरं दिसत नाही." आईने लिहिलेल्या पुस्तकावर आईला पेन चालवता येत नाही! मी ओरडले, काकाही ओरडले. आई म्हणाली, "चल, भाकऱ्या करायच्या आहेत."

विहारातही एक प्रत दिली आहे. ती चौरंगाखाली ठेवली आहे असं कळलं, कुणी उघडली आहे असं नाही कळलं. वडील आता दर रविवारी अध्यक्षांना विचारतात, "वाचली का?" एवढंच विचारतात. एका माणसाकडून एवढं झालं, हेही मी धरते.

पण चिखलीच्या काचेच्या कपाटात माझी आई अजून मशीनकडे मागते आहे. तिला ते मान्य नाही, ती ओळ तिने मागे घेतली आहे, आणि कुंकवामुळे ती तिथे तशीच राहणार आहे. पूजलेल्या पुस्तकाचं हेच होतं. लिहिणारा पुढे गेला तरी ते मागेच उभं राहतं, हार घालून, आणि लोक त्याच्या पाया पडतात.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. हो, मागणंच, मावशी म्हणतात तसं, त्यात लाज नाही. तुमच्या सोसायटीत, मंडळात, विहारात, देवघरात, तुमच्या धर्माचं एखादं पुस्तक बंद असेल. या आठवड्यात ते खाली घ्या. किल्ली दुसऱ्याकडे असेल तर मागा, नाही म्हणाला तर पुन्हा मागा. बसून वाचा. जी ओळ पटत नाही तिच्याखाली पेन्सिलीने रेघ मारा. आणि ती ओळ अशा माणसाला मोठ्याने वाचून दाखवा, जो तुमच्यासारखा पूजत नाही, किंवा तुम्ही पूजत नसाल तर जो पूजतो. मग तो जे काय म्हणेल, ते शेवटपर्यंत ऐकून घ्या.